सड्यावरची चूड

खुटवळच्या कृष्णनाथ गावसाला कशाची भीती वाटत नसे ते शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. नारळाच्या झाडाखाली तो कधी उभा राहिला नाही. खाणीचा ट्रक लांबून दिसला की रस्ता सोडून दरडीवर चढायचा आणि धुरळा खाली बसेपर्यंत तिथेच थांबायचा. फेरीबोटीत बरोबर मधोमध, कुणातरी अनोळखी माणसाच्या स्कूटरचं हँडल धरून उभा राहायचा. बोट बुडाली तर स्कूटर तरंगेल असं त्याला वाटत होतं असं नव्हे. बुडताना हातात काहीतरी असावं, एवढंच. गावात त्याला ‘भिवकुरो’ म्हणत, म्हणजे भित्रा. त्यात कुचेष्टा कमी आणि माहिती जास्त होती. गावात आणखी एक कृष्णनाथ होता, तो उंच होता. लोकांना फरक करायला काहीतरी लागतं.

हा माणूस पुढे वनखात्याच्या वणवा-टोळीचा मुकादम झाला, आणि तोही भीतीच्याच बळावर. त्याच्या आधीचा राखणारा शूर होता, त्यामुळे दुपारचा झोपत असे. कृष्णनाथ तेव्हा साधा काजू वेचणारा. पण एका उन्हाळ्यात तो चार वेळा धापा टाकत डिचोलीच्या कचेरीत पोचला आणि सड्यावर धूर आहे म्हणून सांगितलं. तीन धूर काजूच्या भट्ट्यांचे निघाले. चौथा खरा होता. फॉरेस्टर हिशेबी माणूस. शूर राखणाऱ्याच्या नावावर एकही धूर नाही आणि या घाबरटाच्या नावावर एक तरी आहे हे त्याच्या ध्यानात आलं. पुढच्या जानेवारीत कृष्णनाथला हंगामी नेमणूक आणि खाकी शर्ट मिळाला. पँट नंतर येणार होती.

खुटवळ हे डिचोली तालुक्यातलं डोंगराच्या पोटातलं गाव. पश्चिमेला शेतं आणि पलीकडे लाल खाणी. पूर्वेला चढण, आणि चढणीच्या माथ्यावर सडा: लांबलचक, सपाट, जांभ्या दगडाचा. पावसाळ्यात तिथे गवत कमरेइतकं वाढतं आणि जानेवारीत त्याचं करड होतं, म्हणजे जागच्या जागी उभं वाळलेलं, ठिणगीची वाट बघणारं गवत. चढणीच्या वरच्या अर्ध्या भागात रान, खालच्या अर्ध्या भागात गावाच्या काजी, म्हणजे काजूची झाडं. या दोन्हींच्या मधून एक जुना खाणरस्ता आडवा गेला होता. खाण संपली, रस्ता राहिला. त्याचा उपयोग गुरांना आणि, पुढे कळेल तसा, कृष्णनाथला झाला.

टोळीत चौघं. मुकादम कृष्णनाथ. त्याची बायको सत्यवती, जी कशालाच भीत नसे. एका घरात भीती आणि धैर्य यांची वाटणी अशी एकतर्फी झालेली क्वचितच दिसते. तिसरा धाकू, सिंधुदुर्गातून खाणीच्या ट्रकावर क्लीनर म्हणून आलेला आणि खाण बंद झाल्यावर परत जायचं विसरलेला. चौथा सगुण, पायाने हलका, म्हणून निरोप सगळे त्याच्याकडे.

वणवा पाण्याने विझवतात हा समज जिथे नळ असतात तिथला. सड्यावर पाणी प्यायलाही खालून न्यावं लागे. तिथे आग मारतात ती किंदळीच्या हिरव्या डहाळ्यांनी, वाकून, झोडपून, तोंडाला ओलं फडकं बांधून. नाहीतर दाताळ्याने पाला ओढून जमिनीचा उघडा पट्टा करतात, त्याला जाळरेषा म्हणतात. आगीला खायला काही मिळालं नाही तर ती थांबते, हा त्यामागचा विचार. आणि दोन्हींनी भागलं नाही तर तिसरा उपाय: रस्त्याच्या कडेने आपणच आग लावत जायचं, येणाऱ्या आगीच्या दिशेने, म्हणजे ती पोचेल तेव्हा तिच्या वाट्याला राखच उरेल. ही आग चुडीने लावतात. चूड म्हणजे नारळाच्या सुक्या झावळ्यांची जुडी, मशालीसारखी.

कृष्णनाथला या तिसऱ्या उपायाची सगळ्यांत जास्त भीती वाटायची. वणवा परका असतो, त्याचं पाप त्याच्यापाशी. चूड आपल्या हातात असते. वारा फिरला, ठिणगी रस्ता ओलांडून खालच्या काजींत पडली, तर गाव जळेल ते आपल्या हाताने. ‘माझ्या हातात चूड द्यायची वेळ येऊ नये,’ असं तो दर जानेवारीत राखणदाराला सांगत असे.

हा राखणदार म्हणजे देवचार. डिचोली-पेडण्याच्या माणसाला तो सांगावा लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी एवढं पुरे: तो गावच्या सीमेची राखण करतो, घोंगडी पांघरतो, हातात दांडा असतो, आणि तिन्हीसांज झाली की चूड पेटवून सीमेवरून फेरी मारतो. त्याचं देऊळ नाही. सड्याच्या पायथ्याशी एक काळा दगड आहे. तिथे त्याला रोट, सोरो म्हणजे दारू, विडी आणि वर्षातून एकदा चामड्याच्या नव्या वहाणा देतात, कारण एवढं चालल्यावर वहाणा झिजणारच. खुटवळच्या वाड्यावर त्याचे नियम कडक होते. त्याची चूड डोंगरावर दिसली की बोट दाखवायचं नाही, बाहेर उभं राहायचं नाही, दार ओढून घ्यायचं. आणि त्या वेळी डोंगरावरून कुणी हाक मारली, अगदी नाव घेऊन मारली, तरी ओ द्यायची नाही. ओ देणारा चकव्यात सापडून सकाळी भलत्याच गावात जागा होतो. अशी दोन माणसं खुटवळला माहीत होती. दोघंही सोऱ्याच्या दुकानाजवळ सापडली होती, पण त्याने नियमाला बाध येत नाही.

गोवा राज्य झाल्यानंतरचा तो पहिला शिमगा. पणजीत राजभाषेवरून बरंच रण माजून नुकतं शांत झालं होतं. वनखात्याच्या जीपवरची पाटी नव्याने रंगवली होती. जीप तीच होती. चार दिवसांपूर्वी राखणदाराला रोट आणि वहाणा पोचल्या होत्या, तेव्हा त्या दिवसांत त्याची फेरी असणार हे गावाने गृहीत धरलं होतं.

सकाळी धाकूने सड्याच्या पूर्वेच्या टोकाला धूर पाहिला. दुपारपर्यंत तो धूर राहिला नाही, भिंत झाली. चौघांनी डहाळे घेतले आणि दोन तास झोडपलं. आग एका ठिकाणी मेली की करडातून दुसरीकडे उठायची. ती पुढे सरकताना आवाज करते तो विस्तवासारखा नसतो. माळ्यावर कुणीतरी जड पेटी ओढत न्यावी तसा असतो. सड्यापलीकडच्या उतारावर बांबूची बेटं फुटू लागली, बंदुकीसारखी. ससे आणि साप त्यांच्या पायांतून एकाच दिशेने गेले, एकमेकांकडे न बघता. कृष्णनाथ त्यांच्याकडे बघत राहिला. त्यांना जे कळलं होतं ते त्यालाही कळलं होतं. त्याच्या अंगात फक्त खाकी शर्ट होता, म्हणून तो थांबला.

“दर्याचो वारो हा तोपर्यंत ती हयसर येवची नाय,” धाकू म्हणाला.

“आणि वारो पडल्यावर?” कृष्णनाथने विचारलं.

धाकूने घाटाकडे पाहिलं. दिवसभर समुद्राकडून येणारा वारा आग मागे रेटून धरत होता. संध्याकाळी तो पडतो. मग घाटाकडचा वारा सुरू होतो, आणि घाट पूर्वेला आहे.

ते खाणरस्त्यावर उतरले आणि रस्त्यावरचा पाला ओढायला लागले. काम करता करता कृष्णनाथने सगुणला गावात पिटाळलं. “गावकाराक सांग, वारो फिरलो तर रस्त्यावरसून आग लावची लागतली. आमी हाक मारू. हाक मारली काय सगळ्यांनी डहाळे घेवन रस्त्यावर येवचां. ठिणगी खाली पडली तर मारूक माणसां होयी. आणि तसोच पुढे खाणीवर जा, पाण्याचो टँकर मिळता काय बघ.”

सगुण पळाला. गावकाराने, म्हणजे गावच्या प्रमुखाने, निरोप ऐकला, मान डोलावली, सगळ्या घरांना कळवलं. सगळी घरं तयार झाली. अंगणाअंगणात डहाळे तोडून ठेवले गेले. हे सगळं दुपारी ठरलं, लख्ख उन्हात, आणि दुपारी ते कुणालाच अवघड वाटलं नाही. हाक मारायची वेळ तिन्हीसांजेची असेल आणि हाक मारणाऱ्याच्या हातात चूड असेल, हे त्या दुपारी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. कृष्णनाथच्याही नाही. त्याच्याकडे जगातल्या सगळ्या भीतींचा साठा होता. त्या दिवशी नेमकी तेवढी एक घरी राहिली.

सूर्य खाणींच्या मागे गेला आणि वारा पडला. थोडा वेळ काहीच हललं नाही. धूर सरळ वर गेला. मग मागून, पूर्वेकडून, मानेवर एक गरम झुळूक आली, जवळ येऊन कुणी श्वास सोडावा तशी. सड्याच्या कडेवर आगीचं तोंड दिसलं. ती कडेवर क्षणभर थांबली, आणि मग रानात उतरू लागली.

“आता,” सत्यवती म्हणाली आणि चूड पेटवून उंच धरली.

कृष्णनाथने दोन्ही हात तोंडाशी धरून गावाकडे हाक मारली. “धावाऽऽ रेऽऽ! धावाऽऽ!” खाली गावात वीज नव्हती. पण अंगणांत कंदील हलताना दिसले, इकडून तिकडे, घाईघाईने. कृष्णनाथला वाटलं, निघाले. त्याने सत्यवतीच्या हातातली चूड घेतली. मग तो रस्त्याच्या वरच्या कडेने चालू लागला. चार पावलं, वाकायचं, पाल्याला चूड लावायची, उठायचं, पुन्हा चालायचं. त्याच्या मागे एक लहान आग रानाच्या दिशेने चढू लागली.

खालून जे दिसलं ते असं: काळ्या डोंगराच्या मध्यावर एकच चूड, माणसाच्या चालीने, सीमेच्या बाजूने जाते आहे, मध्येच थांबते, वाकते, पुढे जाते. आणि डोंगरावरून हाक येते आहे; ती दुपारी ठरलेली की राखणदाराची, हे खालून कळायला मार्ग नाही. खुटवळने हात जोडले, अंगणातले कंदील उचलले आणि दारं ओढून घेतली. हलणारे कंदील ते हे. मोठी आग अजून रानाआड होती, आणि धुराचं म्हणाल तर शिमग्याच्या दिवसांत सगळीकडे भट्ट्यांचा धूरच असतो. वरच्यांनी खालचा उजेड चुकीचा वाचला आणि खालच्यांनी वरचा, आणि दोघंही आपापल्या जागी शहाण्यासारखे वागत होते.

अर्धा रस्ता पेटवून झाला तेव्हा कृष्णनाथने मागे वळून पाहिलं. रस्त्यावर सत्यवती आणि धाकू. तिसरं कुणी नाही. खाली गाव काळंमिट्ट झालेलं, एकही कंदील नाही.

“कोणच येणा नाय गे,” तो म्हणाला.

“परत मारा हाक.”

त्याने मारली. एकेका घराचं नाव घेऊन मारली. गावकाराचं नाव घेतलं, उंच कृष्णनाथचं घेतलं. खाली एक कुत्रं भुंकलं आणि त्यालाही कुणीतरी आत ओढलं. तेव्हा कृष्णनाथला कळलं. आपण काय दिसतो आहोत ते त्याला खालून दिसलं, जणू तोही आपल्या घरात दाराच्या फटीतून बघत होता. त्याने बघितलंच असतं. गावात सगळ्यांत आधी दार त्यानेच ओढलं असतं.

“गे, तांका मी राखणदार दिसतंय,” तो म्हणाला. तो रस्त्यातच उकिडवा बसला. हातातली चूड जळत होती. टाकावी तर खाली काजी, धरावी तर बोटं भाजतात. डोक्यावरून ठिणग्या जाऊ लागल्या होत्या, एकेक, संथ, काजव्यांसारख्या. प्रत्येक ठिणगी कुठे पडते ते तो मान वळवून बघत होता. काजूचा सुका पाला तेलकट असतो, त्याला फुंकर लागत नाही. पहिली ठिणगी खाली पडली तिथे पान लाल झालं. धाकू उडी मारून उतरला आणि डहाळ्याने ते मारलं. दुसरी लांब पडली. धाकू तिकडे धावला. तिसरी आणखी लांब.

“खाली पळूक होया,” धाकू ओरडला. “दारां ठोठवतंय!”

“तू गेलंस तर हय कोण रवतलो?” सत्यवतीने विचारलं.

खरं होतं. खाली पोचून, दारं ठोठावून, आत बसलेल्यांना पटवून वर आणेपर्यंत काजी पेटल्या असत्या. आणि त्या वेळी दार ठोठावणाऱ्याला दार उघडायचं नाही हाही नियम होताच. आग लावणं थांबवताही येत नव्हतं; उरलेल्या अर्ध्या रस्त्यावरून मोठी आग सरळ खाली आली असती. कृष्णनाथच्या डोळ्यांसमोर सकाळचं खुटवळ उभं राहिलं: काळे वासे, आणि लोक विचारताहेत, आग लावली कुणी? तो रडत होता. धुरामुळे असेल.

सत्यवतीने तोंडावरचं ओलं फडकं काढलं. रस्त्याच्या खालच्या कडेवर, जिथे गाव सर्वांत जवळ येतं तिथे ती उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि एक खोल श्वास घेतला, धुरासकट.

“चंद्रेऽऽ! ए चंद्रे! दार लावन बसलंस? बसशीलच! माझे गरे चोरलंस तां चोरलंस, आणि वर गावभर सांगलंस काय ते रसाळ म्हणान? माझो फणस रसाळ? लाज नाय गे तुका? बारा कोसांत असो कापो फणस नाय, आणि तू तेका रसाळ म्हणतंस!”

चंद्रावती ही तिची शेजारीण. दोघींच्या कुंपणावर एक फणस होता. झाड सत्यवतीचं, एक फांदी चंद्रावतीच्या अंगणात. आदल्या वर्षी त्या फांदीवरचे फणस चंद्रावतीने उतरवले, हे सत्यवतीने सोसलं असतं. पण त्यातले गरे पिचपिचीत निघाले असं तिने चारचौघींत सांगितलं, हे सोसणं शक्य नव्हतं. कडक गऱ्यांच्या काप्या फणसाला रसाळ, म्हणजे बरका, म्हणणं हे घरंदाज माणसाला भुरटा म्हणण्यासारखं आहे. वर्षभर दोघी बोलत नव्हत्या.

सत्यवती थांबली नाही. चंद्रावतीच्या माहेरच्यांची फणसांविषयीची अक्कल तिने काढली. तिच्या सासूने उसनं नेलेलं आणि चेमटून परत दिलेलं तांब्याचं भांडं काढलं. ती भाषा कोकणी होती की मराठी, याचा निर्णय पणजीत बसलेल्यांनी करावा. खुटवळला अर्थ शब्दशः कळत होता. मध्ये मध्ये ती खोकत होती, वाकून, पोट धरून, आणि पुन्हा सरळ होत होती. कृष्णनाथ तिच्याकडे बघत होता. मग तो उठला. उठला कारण चूड संपत आली होती आणि दुसरी पेटवायला हवी होती. बायको मागे शिव्या घालत होती आणि नवरा पुढे आग लावत चालला होता. पायांखाली जांभा इतका तापला होता की रबरी चपला वितळून दगडाला चिकटल्या. तो अनवाणी पुढे गेला.

हाकेला ओ द्यायची नाही हा नियम होता. शिवीला उत्तर द्यायचं नाही असा नियम खुटवळमध्ये कुणी केला नव्हता. करूनही चालला नसता. खाली एक दार धाडकन उघडलं.

“सत्ये! तोंड सांभाळ!” चंद्रावतीचा आवाज आला. “कापो म्हणता! दाताक चिकटता तुझो कापो! डोंगरावर चडान शिये घालतंस? खाली ये, मगे दाखयतंय!”

“तू वर ये! ताकद आसा तर वर ये!”

“येतंय! थांब थयच!”

राखणदाराला फणसाचं काही पडलेलं नसतं, आणि असलं तरी तो चेमटलेलं भांडं काढणार नाही, हा विचार त्या क्षणी किती डोक्यांत आला ते सांगता येत नाही. पण दुसरं दार उघडलं, भांडण ऐकायला. मग तिसरं. अंगणात येऊन वर बघितल्यावर त्यांना चुडीच्या मागची रांगणारी आग दिसली, आणि तिच्याही वर, रानातून उतरणारी दुसरी. गावकार ओरडला. डहाळे दुपारपासून तयार होतेच.

चंद्रावती सगळ्यांत आधी वर पोचली. हातात डहाळा होता, तो कुणासाठी आणला होता ते तिने नंतर कधी स्पष्ट केलं नाही. सत्यवती कडेवर उभी होती, तोंड उघडं, आणि आवाज येत नव्हता. ती अजून शिव्या देत होती, पण नुसते ओठ हलत होते. चंद्रावतीने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायाशी पडलेली ठिणगी पाहिली आणि डहाळा आपटला.

माणसं रस्त्यावर पसरली. बराच वेळ कुणाला कुणी दिसत नव्हतं, नुसता डहाळ्यांचा आवाज आणि खोकला. एका ठिकाणी काजी पेटल्याच. बिया फुटून तेल उडू लागलं, आणि चार-पाच झाडं गेली. मग वरच्या बाजूला दोन्ही आगी एकमेकींना भेटल्या. ज्यांनी ते पाहिलं ते अजून त्याबद्दल हळू आवाजात बोलतात. दोन्ही एकदम उभ्या राहिल्या, झाडांच्या दुप्पट, एक मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज झाला, सगळ्यांच्या अंगावरून वारा वरच्या दिशेने ओढला गेला, आणि मग खायला काही न उरल्यामुळे त्या बसल्या. सगुण पाण्याचा टँकर घेऊन आला तो यानंतर. त्या पाण्याने लोकांनी तोंडं धुतली.

गावाने दुसऱ्या दिवशी विचार केला आणि राखणदाराने गाव राखला असा निष्कर्ष काढला. त्यात फार चूक होती असं म्हणता येत नाही. वर्षाच्या वहाणा नुकत्याच दिल्या होत्या तरी वर्गणी काढून आणखी एक जोड काळ्या दगडापाशी ठेवला गेला, कारण त्या संध्याकाळी तो नक्कीच फार चालला असणार. कृष्णनाथ पायांना केळीची पानं बांधून घरी पडला होता. खात्याकडून फॉरेस्टर भेटायला आला आणि पँटचं काम वर पाठवलं आहे म्हणाला.

सत्यवतीचा आवाज परत आला नाही. म्हापशाच्या डॉक्टरने घशात बॅटरी मारून पाहिलं, धूर गेला आहे म्हणाला, आणि कमी बोलायला सांगितलं. तेवढं औषध तिने आपोआप घेतलं. आता ती बोलते ते कुजबुजीत, सुक्या पाल्यावरून काहीतरी सरपटत जावं तसं. त्याच कुजबुजीत, आठवड्याभराने, ती दगडापाशी गेली, वहाणांचा नवा जोड उचलला आणि घरी आणून नवऱ्यासमोर ठेवला.

“चललो कोण?” तिने विचारलं.

“गे, परत ठेव! देवाच्यो वहाणा त्यो!” कृष्णनाथ खाटेवर मागे सरकला. तो दगडापाशी जाऊन ठेवायला घाबरला आणि घालायलाही घाबरला, म्हणून वहाणा ओसरीतल्या खुंटीवर टांगून राहिल्या.

चंद्रावती मात्र रोज येऊ लागली. समेट झाला असं नव्हे. पूर्वी सत्यवतीने केलेला अपमान तिला आपल्या अंगणातून ऐकू येत असे. आता ऐकायला शेजारी येऊन बसावं लागे. फणस अजून मिटलेला नाही.

आणि गावात एक नवा नियम झाला. तिन्हीसांजेला डोंगरावर उजेड दिसला की दार लावण्याआधी एक शिवी घालायची. टोळीचं माणूस असेल तर ते उलटी शिवी देईल. सत्यवतीला हे काम जमण्यासारखं नव्हतं, तेव्हा ते चंद्रावतीकडे गेलं, आणि तिने ते मन लावून केलं. तीन शिमगे हे नीट चाललं. धाकूच्या शिव्या तर ऐकायला लोक बाहेर येऊ लागले.

चौथ्या शिमग्याच्या आधीची एक संध्याकाळ. सगुण घरी होता, धाकू सड्यावर राखणीला. कृष्णनाथ, सत्यवती आणि चंद्रावती ओसरीवर बसले होते, डोंगराकडे तोंड करून. वारा पडलेला. खाणरस्त्याच्या वर, रानाच्या काठाला, एक उजेड दिसला. लहान, पिवळा. हलला. थांबला.

चंद्रावती अंगणात गेली. “धाक्याऽऽ! मेल्या! तुझ्या सावंतवाडीत असले कामचोर पिकतत काय रे?”

काही नाही.

तिने दुसरी घातली, पहिलीपेक्षा वजनदार. उजेड थोडा पुढे सरकला आणि पुन्हा थांबला. उत्तर आलं नाही. गावातली दोन-तीन दारं लागल्याचा आवाज आला. चंद्रावती वळली आणि ओसरीकडे बघू लागली. तिचं तोंड उतरलं होतं. धाकू असता तर बोलला असता. राखणदार असेल तर बोलणार नाही. आग असेल तर तीही बोलणार नाही. आणि धाकू तिथेच असून बोलू शकत नसेल, हे कुणीच मोठ्याने म्हटलं नाही.

कृष्णनाथ उठला. त्याने खुंटीवरच्या वहाणा काढल्या, धूळ झटकली आणि खाली बसून पायांत घातल्या. सत्यवतीने कोपऱ्यातला डहाळा त्याच्या हातात दिला.

“भियतात?” तिने कुजबुजत विचारलं.

“व्हय तर,” तो म्हणाला आणि पायरी उतरला.

सत्यवती कळशी घेऊन त्याच्या मागे निघाली. चंद्रावती सगुणच्या दारावर दोन थापा मारून त्यांच्या मागोमाग, मोठमोठ्याने शिव्या घालत, म्हणजे वर जो कोणी असेल त्याला कळावं की येताहेत ती माणसं आहेत.